घरभाड्याचा हिशेब ठेवणारा कमांड-लाइन प्रोग्राम: कोणत्या क्रमाने लिहायचा आणि कुठे चुकतो

इंदिरानगरमध्ये दोन फ्लॅट, सातपूरला कंपनीतल्या कामगारांना दिलेल्या चार खोल्या आणि नाशिक रोडला एक गाळा. एवढ्या पसाऱ्याला विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. पायथन आणि त्याच्यासोबतच येणारे एसक्यूलाइट (सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवणारा छोटा डेटाबेस) पुरेसे आहे. तरीही घरी लिहिलेले असे प्रोग्राम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चुकीची बाकी दाखवायला लागतात, आणि चूक बहुतेक वेळा एकाच जागी सापडते: फ्लॅटच्या ओळीतच ‘भाडे’ आणि ‘भरले: हो/नाही’ असे रकाने केलेले असतात. भाडेकरूने बारा हजारांपैकी सात हजार दिले, तर तिथे ‘हो’ लिहायचे की ‘नाही’?

म्हणून या प्रोग्रामचा पाया असा: येणे वेगळे लिहायचे, आलेले वेगळे लिहायचे आणि बाकी कुठेच लिहून ठेवायची नाही. बाकी दरवेळी नव्याने काढायची. पुढचे सगळे टप्पे यावर उभे आहेत. तुम्हाला पायथनमधले फंक्शन, लूप आणि लिस्ट येतात असे धरले आहे.

टप्पा १: आधी वही, मग संगणक

कीबोर्डला हात लावण्याआधी प्रत्येक जागेचे कागद एकत्र करा. चालू भाडेकरार, महावितरणचे शेवटचे बिल, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, सोसायटीचे मेंटेनन्स बिल आणि गेल्या सहा महिन्यांत भाडे कधी, किती, कसे आले याचा बँकेचा उतारा. त्यावरून खालचे प्रश्न सोडवा आणि उत्तरे लिहून ठेवा. ही उत्तरे म्हणजेच प्रोग्रामचे नियम आहेत.

• भाडे पहिल्या तारखेपासून मोजता की भाडेकरू राहायला आला त्या तारखेपासून?
• मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा? सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. महाराष्ट्रात त्यांची मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. ते कोण भरणार?
• वीज थेट महावितरणच्या मीटरवर आहे की खोल्यांना सबमीटर आहेत?
• कॉलेज रोडला विद्यार्थ्यांना फ्लॅट दिला असेल, तर करार एकाच्या नावावर आणि पैसे तिघांच्या खात्यांतून येतात का?

शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. करार कोणाशी आहे आणि पैसे कोणी पाठवले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासा: तुमच्या एका भाडेकरूची आजची बाकी वहीवर हाताने काढा. ती काढता येत नसेल, तर नियम अजून ठरलेले नाहीत. पुढे जाऊ नका.

टप्पा २: संगणकाची तयारी

पायथन ३.१० किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती चालेल. विंडोजवर इन्स्टॉल करताना पाथमध्ये जोडण्याच्या चौकटीत टिक करा, नाहीतर टर्मिनलला पायथन सापडत नाही. एसक्यूलाइट वेगळे घ्यावे लागत नाही. ‘एसक्यूलाइट३’ हे मॉड्यूल पायथनसोबतच येते.

डेटाबेस फाइलचा पूर्ण मार्ग प्रोग्राममध्ये एकदाच, सगळ्यात वर लिहा. तो युजरच्या होम फोल्डरवरून किंवा प्रोग्रामच्या फाइलच्या जागेवरून काढा. नुसते फाइलचे नाव दिले तर एसक्यूलाइट ती फाइल तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तिथे शोधते आणि नसेल तर गुपचूप नवी, कोरी फाइल तयार करते. उद्या वेगळ्या फोल्डरमधून प्रोग्राम चालवला की सगळे भाडेकरू ‘गायब’ होतात. ते गायब झालेले नसतात, जुन्या फोल्डरमध्ये पडून असतात. पण घाबरून माणूस सगळे पुन्हा भरायला बसतो आणि मग दोन अर्धवट वह्या होतात.

इशारा: चालू डेटाबेस फाइल गूगल ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. लिहिणे चालू असताना अर्धी फाइल वर गेली तर ती बिघडू शकते. बॅकअपची प्रत तिथे जरूर ठेवा, मूळ फाइल नको.

टप्पा ३: टेबले

इथे घाई करू नका. इथे चुकले की पुढचे प्रत्येक फंक्शन त्या चुकीभोवती वळसा घालत बसते. सहा टेबले लागतात.

१. मालमत्ता. कोड, पत्ता, प्रकार (फ्लॅट, खोली, गाळा), महावितरणचा ग्राहक क्रमांक, घरपट्टीच्या बिलावरचा क्रमांक. भाड्याचा रकाना इथे नाही. भाडे हे जागेचे नसते, कराराचे असते.

२. भाडेकरू. नाव, मोबाइल, मूळ गावचा पत्ता, पोलिसांकडे माहिती दिल्याची तारीख.

३. करार. कोणती मालमत्ता, कोणता भाडेकरू, सुरुवात, शेवट, मासिक भाडे, ठरलेली अनामत, नोंदणी क्रमांक, प्रत्यक्ष जागा सोडल्याची तारीख. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. म्हणून नोंदणी क्रमांक रिकामा असलेला प्रत्येक करार प्रोग्रामने ठळकपणे दाखवला पाहिजे.

४. मागणी. कोणता करार, कोणता महिना, प्रकार (भाडे, वीज, मेंटेनन्स, दुरुस्ती), रक्कम, टीप.

५. जमा. कोणता करार, तारीख, रक्कम, मार्ग (रोख, यूपीआय, चेक, बँक ट्रान्सफर, अनामतीतून), व्यवहार क्रमांक, कोणी दिले, रद्द आहे का, रद्द करण्याचे कारण.

६. अनामत. कोणता करार, तारीख, रक्कम, आली की गेली, टीप.

अनामत ‘जमा’मध्ये टाकणे ही फार होणारी चूक आहे. ३६,००० रुपये अनामत घेतली आणि ती जमा टेबलात गेली, की भाडेकरूचे तीन महिन्यांचे भाडे आगाऊ आल्यासारखे दिसते. तुम्ही निर्धास्त राहता आणि तो खरोखर थकलेला असतो. अनामत हे तुमच्याकडे ठेवलेले दुसऱ्याचे पैसे आहेत. तिचे टेबल वेगळेच हवे.

टेबले बनवताना पाच गोष्टी पाळा.

रक्कम पूर्ण रुपयांत, पूर्णांक म्हणून ठेवा. दशांश असलेला फ्लोट प्रकार पैशांसाठी वापरू नका, कारण ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्यात नेमकी ०.३ येत नाही. विजेचा दर पैशांत ठेवा आणि बिल काढताना रुपयांत आणा.

रकाना पूर्णांकाचा आहे असे सांगूनही एसक्यूलाइट त्यात मजकूर घेते. स्वल्पविराम असलेली रक्कम किंवा देवनागरी अंकांतली रक्कम तशीच आत गेली तर ती मजकूर म्हणून बसते आणि बेरीज न सांगता चुकते. म्हणून प्रत्येक रकमेच्या रकान्यावर ‘प्रकार पूर्णांकच हवा आणि शून्यापेक्षा मोठा हवा’ अशी चेक अट घाला.

मोबाइल, ग्राहक क्रमांक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हे आकडे दिसले तरी मजकूर आहेत. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक शून्याने सुरू होऊ शकतो. पूर्णांक म्हणून ठेवला की ते शून्य गळते.

एका करारात एका महिन्यासाठी भाड्याची मागणी एकदाच असली पाहिजे, यासाठी युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) करा. पण तो सगळ्या मागण्यांवर लावू नका, कारण दुरुस्तीच्या दोन नोंदी एकाच महिन्यात येऊ शकतात. एसक्यूलाइटमध्ये इंडेक्सला अट जोडता येते. प्रकार ‘भाडे’ असेल तेव्हाच तो लागू करा.

रद्द नसलेल्या नोंदींच्या व्यवहार क्रमांकावरही अट जोडलेला युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच यूपीआय व्यवहार दोनदा नोंदला जाणार नाही. मात्र रोख रकमेला क्रमांक नसतो. तिथे कोरी स्ट्रिंग न टाकता ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही) टाका. एसक्यूलाइट अनेक नल चालवून घेते, पण दुसरी कोरी स्ट्रिंग आली की ‘आधीच आहे’ म्हणून अडवते.

इशारा: एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची, म्हणजे मागणीत लिहिलेला करार खरोखर आहे का याची, तपासणी आपोआप चालू नसते. ती प्रत्येक नव्या कनेक्शनला प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारी आज्ञा) देऊन चालू करावी लागते. कनेक्शन उघडणारे एकच फंक्शन ठेवा आणि हे काम तिथेच करा.

तपासा: अस्तित्वात नसलेल्या करार क्रमांकावर मुद्दाम एक मागणी टाकून बघा. प्रोग्रामने ती नाकारली पाहिजे. स्वीकारली, तर प्राग्मा चालू झालेला नाही.

टप्पा ४: माहिती आत घेणारी फंक्शन्स

मेन्यूच्या आधी ही लिहा. तीन फंक्शन्स पुरतात: रक्कम घ्या, तारीख घ्या, महिना घ्या. प्रोग्राममध्ये दुसरीकडे कुठेही थेट इनपुट घेऊ नका.

रक्कम घेताना आधी रुपयाचे चिन्ह, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम काढा, मग पूर्णांकात बदला. पायथनचे पूर्णांकात बदलणारे फंक्शन देवनागरी अंकही ओळखते. ‘१२०००’ टाइप केले तरी बारा हजारच मिळतात. ही सोय मराठी कीबोर्डवर काम करणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. चुकीची रक्कम आली तर प्रोग्राम बंद पाडू नका, पुन्हा विचारा.

तारीख आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात, तशीच विचारा. पण डेटाबेसमध्ये ती वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, इंग्रजी अंकांत आणि दोन-दोन घरांत ठेवा: वर्ष २०२५, महिना ०६, दिवस १०. एसक्यूलाइटला तारखेचा स्वतंत्र प्रकार नाही. ती मजकूर म्हणूनच राहते. दिवस पुढे असला तर ‘०५ जुलै’ ही ‘१० जून’च्या आधी लागते आणि खातेउतारा उलटासुलटा होतो. वर्ष पुढे असले की मजकुराचा क्रम हाच काळाचा क्रम. तारखेचे तुकडे पूर्णांकात बदलून पायथनच्या तारीख-प्रकारात घातले, की ३१ जूनसारखी नसलेली तारीख तिथेच अडते.

नावांसाठी एक गोष्ट: तेच मराठी अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. ‘ऱ्हाटकर’सारखे नाव डोळ्यांना सारखे दिसते, पण शोधात सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलने एनएफसी या एकाच ठरलेल्या रूपात आणा.

डेटाबेसला मूल्ये देताना ती आज्ञेच्या वाक्यात जोडून देऊ नका. प्रश्नचिन्ह ठेवून मूल्ये वेगळी द्या. पत्त्यात एक अवतरणचिन्ह आले तरी जोडलेले वाक्य मोडते.

टप्पा ५: करार नोंदवणे

नेहमीचा करार ११ महिन्यांचा. शेवटची तारीख काढताना ३३० दिवस मिळवू नका. १ एप्रिल २०२५ ला सुरू झालेला करार २८ फेब्रुवारी २०२६ ला संपतो. ३३० दिवस मिळवले तर २५ फेब्रुवारी येते आणि तीन दिवसांचा हिशेब हवेत राहतो. बरोबर रीत: महिन्यात ११ मिळवा, बारा ओलांडले तर वर्ष वाढवा, मग एक दिवस मागे या. ३१ मार्चसारख्या सुरुवातीला ११ मिळवून आलेल्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस घ्या आणि तेव्हा एक दिवस वजा करू नका. काढलेली तारीख दाखवून एकदा होकार घ्या, कारण अंतिम शब्द कागदावरच्या कराराचा आहे.

नोंद करण्याआधी त्याच जागेवर त्या काळात दुसरा करार चालू आहे का ते तपासा. नियम सोपा आहे. जुन्याची सुरुवात नव्याच्या शेवटापर्यंत असेल आणि जुन्याचा शेवट नव्याच्या सुरुवातीनंतर किंवा त्याच दिवशी असेल, तर दोन्ही एकमेकांवर येतात. जुन्या भाडेकरूने मुदतीआधी जागा सोडली असेल तर शेवट म्हणून ती सोडल्याची तारीख धरा.

करार वाढला, भाडे १२,००० चे १२,६०० झाले, तर जुनी ओळ बदलू नका. नवी ओळ घाला. जुन्या ओळीत भाडे बदलले की मागच्या वर्षी नेमके काय ठरले होते याचा पुरावा जातो आणि कोणी नंतर प्रश्न विचारला तर उत्तर नसते. अनामत पुढे ओढायची असेल तर जुन्या करारातून ‘गेली’ आणि नव्यात ‘आली’ अशा दोन नोंदी करा. जुन्या कराराची थकबाकी मात्र जुन्याच खात्यावर राहू द्या. ती नव्या भाड्यात मिसळली की नंतर वेगळी करता येत नाही.

टप्पा ६: महिन्याची मागणी तयार करणे

हा प्रोग्रामचा गाभा आहे. दर महिन्याला एकदा चालणारे फंक्शन चालू करार शोधते आणि प्रत्येकासाठी भाड्याची एक मागणी टाकते. त्याच महिन्यासाठी चुकून दुसऱ्यांदा चालवले तर काहीच बदलले नाही पाहिजे. टप्पा ३ मधला युनिक इंडेक्स इथे कामाला येतो. ‘त्या इंडेक्सशी टक्कर झाली तर काही करू नको’ एवढेच सांगा. सगळ्याच चुका दुर्लक्षित करणारा इन्सर्टचा (नोंद घालणाऱ्या आज्ञेचा) प्रकार वापरू नका, कारण मग रक्कम राहून गेलेली मागणीही गपचूप गळते.

आता अर्धवट महिना. समजा करार १० जून २०२५ पासून ९ मे २०२६ पर्यंत, भाडे १२,०००, हिशेब कॅलेंडरच्या महिन्याने. जूनमध्ये १० ते ३० म्हणजे २१ दिवस. दोन्ही टोकांचे दिवस धरायचे. वजाबाकी करून २० आणणे ही नेहमीची चूक. १२,००० गुणिले २१ भागिले ३० म्हणजे ८,४०० रुपये. महिन्याचे दिवस कॅलेंडर मॉड्यूलकडून घ्या, सरसकट ३० धरू नका.

जुलै ते एप्रिल हे १० पूर्ण महिने, १,२०,००० रुपये. उरले मे महिन्याचे ९ दिवस. १२,००० गुणिले ९ भागिले ३१ केले तर ३,४८४ येतात. एकूण बेरीज १,३१,८८४. पण करार ११ महिन्यांचा, महिना १२,००० चा, म्हणजे १,३२,००० चा आहे. ११६ रुपये कुठे गेले? जून ३० दिवसांचा, मे ३१ दिवसांचा, त्या फरकात गेले. प्रोग्राम बरोबर गुणाकार करतो आणि तरीही कराराशी जुळत नाही.

उपाय: पूर्ण मुदत राहिलेल्या करारात शेवटच्या महिन्याची मागणी गुणून काढू नका, वजा करून काढा. १,३२,००० वजा आधीच्या भाड्याच्या मागण्या १,२८,४००, म्हणजे ३,६००. भाडेकरू मुदतीआधी गेला तरच दिवसांच्या प्रमाणात काढा. तुमचा हिशेब १० तारखेपासून ९ तारखेपर्यंतच्या महिन्याने असेल, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. तेव्हा प्रत्येक मागणी १२,००० ची आणि एकूण अकरा.

पूर्णांकात आणताना पायथनचे ‘राउंड’ वापरत असाल तर लक्षात ठेवा: नेमका अर्धा रुपया आला की ते जवळच्या सम संख्येकडे जाते. अडीचचे दोन होतात. वहीतल्या हिशेबाशी एक रुपयाचा फरक पडतो आणि कारण सापडत नाही. त्याऐवजी अंशाची दुप्पट करून त्यात छेद मिळवा आणि छेदाच्या दुपटीने पूर्णांक भागाकार करा.

सबमीटरची वीज. मागचे रीडिंग, आताचे रीडिंग, दर पैशांत. १०० युनिट, समजा दर ८ रुपये ५० पैसे, म्हणजे ८५,००० पैसे, म्हणजे ८५० रुपयांची ‘वीज’ मागणी. दोन्ही रीडिंग टीपेत लिहाच, कारण वाद रकमेवर होत नाही, रीडिंगवर होतो. आताचे रीडिंग मागच्यापेक्षा कमी आले तर प्रोग्रामने थांबून विचारले पाहिजे: मीटर बदलला का? ऋण युनिटची मागणी कधीही तयार होऊ देऊ नका.

एक जोडटीप: २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीच्या बाजूला दिवसांच्या हिशेबाने खोल्या देण्याचा विचार असेल, तर तो हिशेब या टेबलांत घुसवू नका. तिथे महिना नाही, करार वेगळा, अनामतही बहुधा नाही. त्याला वेगळी फाइल ठेवा.

टप्पा ७: आलेले पैसे नोंदवणे

भाडेकरू निवडा, आजची बाकी दाखवा, रक्कम, तारीख, मार्ग, क्रमांक विचारा, सगळे पुन्हा एकदा दाखवून होकार घ्या, मग नोंदवा. पैसे कोणत्या महिन्याचे हे विचारू नका. आलेली रक्कम सर्वांत जुन्या मागणीत आधी वळती होते, हे प्रोग्राम स्वतः काढतो. महिना विचारला की भाडेकरू ‘हे ऑगस्टचे’ म्हणतो, तुम्ही तसे लिहिता आणि जुलैचे २,००० कायमचे विसरले जातात.

चेक परत आला किंवा रक्कम चुकली, तर ओळ पुसू नका. ‘रद्द’ करा, कारण लिहा, नवी ओळ घाला. सर्व बेरजांमधून रद्द ओळी वगळा. ही अट एका जागी, एका व्ह्यूमध्ये (डेटाबेसमध्ये नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) लिहून ठेवली तर विसरायला होत नाही.

पावती छापणार असाल तर क्रमांक आर्थिक वर्षाप्रमाणे चालवा. महिना एप्रिल किंवा पुढचा असेल तर चालू वर्ष, नाहीतर मागचे. पावतीवर मालकाच्या पॅनसाठी जागा ठेवा. नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्याची सूट घेताना वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर तो लागतो, आणि १२,००० महिना म्हणजे वर्षाला १,४४,०००. ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावायची आठवण पावतीच्या खाली छापा.

इशारा: पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये कमिट (बदल पक्के करण्याची आज्ञा) केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. पडद्यावर बाकी बरोबर दिसते, प्रोग्राम बंद करता आणि दुसऱ्या दिवशी नोंद नाही. प्रत्येक लिहिणे कनेक्शनच्या ‘विथ’ ब्लॉकमध्ये करा. यश आले तर कमिट होते, चूक झाली तर सगळे मागे फिरते. मात्र तो ब्लॉक कनेक्शन बंद करत नाही. ते तुम्ही बंद करायचे.

टप्पा ८: थकबाकी आणि खातेउतारा

बाकी म्हणजे मागण्यांची बेरीज वजा रद्द नसलेल्या जमेची बेरीज. या दोन बेरजा वेगवेगळ्या काढा. मागणी आणि जमा ही दोन्ही टेबले करारावर एकाच क्वेरीत जोडली, तर प्रत्येक मागणी प्रत्येक जमेशी जोडली जाते. तीन मागण्या आणि चार जमा असतील तर बारा ओळी होतात: मागणी चौपट, जमा तिप्पट. पहिल्या महिन्यात एकेकच ओळ असते म्हणून उत्तर बरोबर येते, आणि म्हणूनच ही चूक उशिरा कळते.

तपासा: वरच्या करारावर जून ८,४००, जुलै १२,०००, ऑगस्ट १२,००० अशा मागण्या घाला. जमा: १२ जूनला ८,४००, ७ जुलैला ७,०००, २० जुलैला ५,०००, ९ ऑगस्टला १०,०००. मागणी ३२,४००, जमा ३०,४००, बाकी २,००० आणि ती ऑगस्टची. हा आकडा येईपर्यंत पुढचे काही लिहू नका.

छपाईत दोन अडचणी येतात. पायथनची हजारांची मांडणी १३२,००० अशी येते. आपल्याला १,३२,००० हवी. शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करा, सहा ओळींचे फंक्शन होते. दुसरी, पायथन ‘नाशिक’ची लांबी पाच मोजते, कारण काना आणि वेलांटीही स्वतंत्र मोजल्या जातात. पडद्यावर अक्षरे तीनच दिसतात. म्हणून नावांना रुंदी देऊन आखलेले रकाने सरकतात. साधा तोडगा: कोड, महिना, रक्कम आधी छापा आणि नाव ओळीच्या शेवटी ठेवा. नावामागे काहीच नसले की सरकायलाही काही नसते.

एक्सेलसाठी सीएसव्ही काढताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात. फाइल उघडताना न्यूलाइन कोरी द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

टप्पा ९: जागा सोडताना

क्रम असा ठेवा: जागा सोडल्याची तारीख, शेवटचे रीडिंग, शेवटच्या मागण्या आणि मग अनामत. अनामत आधी परत केली आणि विजेचे बिल नंतर आले, तर वसूल करायला हातात काही उरत नाही.

अनामत ३६,०००, थकबाकी २,०००, वीज ८५०, रंगकाम १,५००. वीज आणि रंगकाम आधी मागणीत घाला. एकूण बाकी ४,३५०. आता अनामत टेबलात ४,३५० ‘गेली’ आणि जमा टेबलात ४,३५० ‘अनामतीतून’, अशा दोन नोंदी एकाच ‘विथ’ ब्लॉकमध्ये करा. मग ३१,६५० परत दिल्याची नोंद. शेवटी खात्याची बाकी शून्य आणि अनामतही शून्य. दोन्हीपैकी एक जरी शून्य नसेल तर प्रोग्रामने करार बंद करू देऊ नये.

टप्पा १०: मेन्यू, आणि तो सगळ्यात शेवटी

बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि रंगीत मेन्यूमागे रिकामी फंक्शन्स राहतात. आकड्यांचा साधा मेन्यू करा: १ मालमत्ता, २ करार, ३ महिन्याची मागणी, ४ पैसे आले, ५ थकबाकी, ६ खातेउतारा, ७ जागा सोडली, ८ बॅकअप, ० बाहेर. मराठी शब्द टाइप करायला लावू नका. दरवेळी कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो आणि नोंदी मागे पडतात.

प्रोग्राम सुरू होताच, काही न विचारता, तीन गोष्टी दाखवा: पुढच्या ४५ दिवसांत संपणारे करार, नोंदणी क्रमांक नसलेले करार आणि या महिन्याची मागणी तयार झाली आहे की नाही.

टप्पा ११: बॅकअप

फाइल कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा एसक्यूलाइट कनेक्शनची बॅकअप ही सोय वापरा. डेटाबेस उघडा असतानाही ती पूर्ण प्रत काढते. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला, म्हणजे आजची प्रत कालच्या प्रतीवर लिहिली जाणार नाही. बाहेर पडताना आपोआप एक प्रत निघू द्या आणि आठवड्यातून एक प्रत पेनड्राइव्हवर न्या.

तपासा: महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून थकबाकीची यादी काढा आणि मूळ यादीशी ताडून बघा. पहिले दोन महिने वहीही चालू ठेवा. ३० तारखेला वही आणि प्रोग्राम यांची बाकी प्रत्येक भाडेकरूसाठी जुळली पाहिजे. एक रुपयाचाही फरक आला तर तो पूर्णांकात आणण्याचा, सुटलेल्या रद्द नोंदीचा, की दिवस मोजण्याचा, ते शोधल्याशिवाय पुढच्या महिन्याची मागणी तयार करू नका.